माझ्या नवऱ्याचा आमांश

माझ्या नवऱ्याला आमांश कधीही झाला नाही. हे आज लिहून ठेवणं भाग आहे, कारण रत्नागिरीतल्या आमच्या चाळीतली जी दोनचार माणसं अजून आहेत, ती शपथेवर सांगतील की एवढा चिवट आमांश त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. माणसाचं नाव एकदा अशा गोष्टीशी जोडलं गेलं की पुसता पुसत नाही.

ऐंशीनंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. आमची चाळ बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. आठ खोल्या, पुढे एक लांबलचक पडवी, मागे माडांखाली दोन संडास आणि एक नळ. खोल्यांमधल्या भिंती अशा, की एकीकडे फोडणी घातली की दुसरीकडे शिंक यायची. मी, नवरा आणि सासूबाई तिसऱ्या खोलीत राहत होतो. नवरा सरकारी कचेरीत कारकून होता, शर्टाला इस्त्री केल्याशिवाय नळावरही जायचा नाही असा टापटिपीचा माणूस.

या गोष्टीच्या दोन वर्षं आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, ती सकाळी आली आणि दुपारपर्यंत राहिली. मी रडले, सासूबाई रडल्या, अख्खी चाळ येऊन रडून गेली. नवरा रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. मला माहीत होतं, त्याला जागा मिळाली नव्हती. चाळीत पुरुषाला रडायला जागा नसते. बायकांना चूल असते, धूर असतो. तो बिचारा पडवीत बसून आल्यागेल्यासाठी चटया अंथरत राहिला.

बाळ गेल्यावर बायकांची नळावरची बोलणी सुरू झाली. हिच्या अंगात उष्णता फार, हिच्या अंगावरून जातं, मग मूल धरून कसं राहील. मी बादली घेऊन गेले की बोलणं थांबायचं आणि सगळ्याजणी एकदम भांडी घासायला लागायच्या. मला त्याचा इतका संताप यायचा की एकदा मी भरलेली बादली तिथेच ओतून परत आले होते. उपयोग काही झाला नाही. ‘उष्णता डोक्यापर्यंत चढली’ एवढाच निष्कर्ष निघाला.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी उष्णतेचा बंदोबस्त स्वतः हाती घेतला. रोज सकाळी तुरटीचं पाणी करून द्यायच्या आणि न्हाणीत पाठवायच्या, आतपर्यंत स्वच्छ धुऊन घे म्हणून. विहिरीच्या गढूळ पाण्याला आणि सुनेला एकच औषध. मीही निमूटपणे धूत होते. ते बाळ टिकावं म्हणून मला कुणी समुद्राच्या वाळूनं घासायला सांगितलं असतं तरी मी घासलं असतं. पण अंगावरून पांढरं जाणं काही थांबेना, उलट वाढलं. पाचव्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, “मला डॉक्टरीणबाईंकडे न्या.”

डॉक्टरीणबाई देशावरच्या होत्या, गावात नव्यानंच आलेल्या. आतल्या खोलीत त्यांनी एक सूक्ष्मदर्शक ठेवला होता. मला तपासलं, काचेवर काहीतरी घेतलं आणि हात धुता धुता विचारलं, “माशांसारखा वास येतो का?”

रत्नागिरीत, बंदराच्या रस्त्यावर राहणाऱ्या बाईला विचारायचा हा प्रश्न आहे का? आमच्याकडे उशीला माशांचा वास येतो. मी विचार करून म्हटलं, “कुठल्या माशांसारखा?”

त्या गोंधळल्या. “म्हणजे, आपला मासा असतो ना, तसा.”

“ताज्या की सुक्या?”

देशावरच्या माणसाला मासा म्हणजे मासा. बांगड्याचा वास वेगळा, मोरी माशाचा वेगळा, सुकटाचा तर घर सोडायला लावणारा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी नाद सोडला, काचेवर कसलासा थेंब टाकला आणि माझ्या नाकासमोर धरला. मी म्हटलं, “बांगडा. कालचा.” आमचं निदान तिथे जुळलं.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. या जागेत जंतू असतातच आणि ते असायलाच हवेत. दही लावणारे जे जंतू असतात त्यांच्याच जातकुळीतले. ते तिथे थोडा आंबटपणा धरून ठेवतात, म्हणून दुसरे माजत नाहीत. माझ्याकडे ते चांगले कमी झालेत आणि नको ते वाढलेत. आत तुरटी, साबण, डेटॉल, काही म्हणजे काही घालायचं नाही. त्यानं चांगले असतात तेच आधी मरतात.

मी घाबरत विचारलं, “म्हणजे माझी पहिली याच्यामुळे...”

“ते मला खात्रीनं सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “कुणालाच येणार नाही. पण असं काही असलं की दिवस भरायच्या आधी कळा येण्याचा धोका वाढतो, असं आता डॉक्टरांना वाटायला लागलंय. आहे ते बरं करून घेऊ. दोघांनीही गोळ्या घ्या, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं.”

घरी येऊन सासूबाईंना सांगायचं म्हणजे मोठं संकट. मी चुलीपाशी बसून हळू आवाजात दह्यापर्यंत आले.

“काय सांगितलान डाक्टरणीनं? दही?” सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. “आनि मी रोज त्येच्यात तुरटी घालत्ये? तुरटी घातल्यावर दही कसा लागेल गो?”

मी म्हटलं, “तेच म्हणाल्या त्या.”

“मग आधी नाय सांगायचा?” जणू मीच त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. तुरटीचा खडा त्यांनी त्याच दिवशी न्हाव्याला देऊन टाकला. मात्र दह्याची बाजू त्यांनी जरा जास्तच मनावर घेतली. सकाळी दही, दुपारी दहीभात, संध्याकाळी ताक. डॉक्टरीणबाईंनी खायला सांगितलेलं नाही, जंतू त्या वाटेनं तिथे जात नाहीत, हे मी परोपरीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, “जातील गो हळूहळू.”

गोळ्या नवऱ्यालाही घ्यायच्या आहेत, हे मात्र मी सासूबाईंना सांगितलं नाही. तेवढं बोलायला माझी जीभ रेटेना.

आता गोळ्या आणायच्या कुठून? चाळीच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं, आणि त्याचा मालक आमच्याच चाळीत पहिल्या खोलीत राहायचा. बाजारात दुसरं दुकान होतं, त्याचा मालक नवऱ्याच्या साहेबाचा मेहुणा. गाव लहान. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली असती तर संध्याकाळच्या आत नळावर पोचली असती, की बघा, आम्ही म्हणत नव्हतो, हिच्यातच खोट आहे. नवऱ्यानं गोळ्यांचं नाव एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं आणि कोपऱ्यावर गेला.

आमच्या दोघांच्या बिनडोकपणाचा भाग असा, की या गोळ्या आमांशावरही देतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. औषधवाल्याला ठाऊक होतं. त्याच्या दुकानातून त्या आमांशासाठीच जायच्या, दुसऱ्या कशालाही लागतात हे त्याच्या गावी नव्हतं.

“कुणाला?” त्यानं विचारलं.

“मला,” नवरा म्हणाला.

“आव पडते?”

नवऱ्यानं क्षणभर विचार केला. नाही म्हणावं तर मग गोळ्या कशाला, हा पुढचा प्रश्न तयारच होता. “पडते,” तो म्हणाला.

“आणि एवढ्या गोळ्या? दोन माणसांना पुरतील.”

“फार पडते,” नवरा म्हणाला.

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली. शेजारच्या खोलीतल्या काकी दारात उभ्याच होत्या. काकींना औषधपाण्याचा भारी सोस. “पोट बिघडला म्हणे? मग बोलायचा नाय?” असं म्हणत त्या गेल्या आणि कुड्याची साल वाटून तिचा रस घेऊन आल्या. कुड्याची साल ज्यांनी चाखली नसेल त्यांनी सुखी राहावं. काकी पेला रिकामा होईपर्यंत हलत नसत. नवरा डोळे मिटून प्यायचा, आणि वर “बरं वाटतंय” असंही म्हणायचा.

एकेक घर सरसावलं. कुणी बेलाचा मुरांबा दिला, कुणी डाळिंबाची साल उगाळून पाठवली. सासूबाईंनी त्याला पेजेवर ठेवलं. माझ्या ताटात तळलेली सुरमई आणि त्याच्या ताटात मऊ भाताची पेज, हे दृश्य आठवडाभर चाललं. त्यात त्या गोळ्यांनी तोंडाला लोखंडासारखी चव येते. माझ्याही तोंडाला यायची, पण मी निदान सुरमईला येते म्हणून तक्रार करू शकत होते. पेजेला खिळ्याची चव येते असं तो कुणाला सांगणार?

महिन्याभरानं मला परत तोच त्रास सुरू झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असं उलटतं पुष्कळदा, पुन्हा एकदा घ्या दोघांनी. नवरा पुन्हा कोपऱ्यावर गेला.

“परत?” औषधवाला म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात आदर होता. पहिल्या खेपेला नवरा नुसता आजारी होता, आता तो जुनाट रोगी झाला.

तोवर सातवा महिना लागला होता. मी घाबरले होते, इतकी की उठता बसता पोटावर हात. जरा काही कळ आली की घाम फुटायचा. नवरा तोंडानं काही बोलायचा नाही, पण दुपारच्या सुट्टीत कचेरीतून धावत घरी यायचा, मी बरी आहे एवढं दारातूनच बघायचा, मागे नळावर जाऊन तोंड धुवायचा आणि तसाच धावत परत जायचा. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. मला वाटायचं, सगळ्या चाळीला कळत असेल की याचा बायकोवर किती जीव आहे. चाळीला काय कळलं, ते सांगायला नको. भर दुपारी कचेरी सोडून मागच्या बाजूला धावणारा माणूस. पडवीत निवडटिपण करणाऱ्या बायका पाय आवरून घ्यायच्या आणि मुलांना ओरडायच्या, “वाट सोडा रे त्येंना.”

इथवर ठीक होतं. पण माघात आमच्या आळीतल्या देवळाचा उत्सव असायचा आणि उत्सवात नाटक. ते बसवायचा औषधवालाच. नवऱ्यानं बरीच वर्षं द्वारपाल, सैनिक, ऋषींपैकी एक, असं करत करत त्या वर्षी राजाचं काम मिळवलं होतं. दिवाळीपासून तो आरशासमोर उभा राहून हुकूम सोडत होता. त्याचा आवाज खरंच चांगला होता, मी उगीच म्हणत नाही.

नाटक जवळ आलं तसा औषधवाला एका संध्याकाळी घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नको. पण दुसरा अंक पाऊण तासाचा आहे आणि राजा सिंहासनावरून उठतच नाही.”

“मग?” नवरा म्हणाला.

“तुझं पोट हे असं. आणि सिंहासनाची गादी मखमलीची आहे. चिपळूणहून भाड्यानं आणतो आपण.”

मी आत पोळ्या लाटत होते, लाटणं माझ्या हातात थांबलं. नवऱ्याला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ऐकत होते. कपबशा गोळा केल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.”

“दूताचं काम घे,” औषधवाला म्हणाला. “आला, मुजरा केला, बोलला, गेला. तुझ्या सोयीचं आहे.”

राजाचं काम पोस्टातल्या एका माणसाला गेलं, ज्याचा आवाज तिसऱ्या रांगेत पोचायचा नाही. मी हट्टानं नाटकाला गेले, उशी घेऊन भिंतीला टेकून बसले. नवरा आला, मुजरा केला, शत्रूचं सैन्य वेशीपर्यंत आल्याचं त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं आणि पाठ वळवून झपझप निघून गेला. मागून कुणीतरी म्हणालं, “ह्येला घाई हाय.” सगळं देऊळ हसलं. राजाही हसला.

घरी आल्यावर मी उशी कोपऱ्यात फेकली. म्हटलं, “उद्या नळावर जाऊन सगळं सांगते. गोळ्या कसल्या होत्या ते.”

तो दाढी उतरवत होता. “सांग,” तो म्हणाला. “मग ती माणसं तुझ्याकडे बघतील, आणि जरा काही झालं की पुन्हा तेच बोलतील. माझ्याकडे बघून हसतायत ते बरं आहे.” मग म्हणाला, “दाढीचा डिंक कसला वापरलाय, निघत नाहीये.”

मी खोबरेल आणून त्याची दाढी सोडवली. आमच्या लग्नात प्रेमाचं बोलणं असं कधी झालं नाही, तेवढंच.

पुढे कितीतरी वर्षांनी, भाची डॉक्टर झाल्यावर, मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मामांनी गोळ्या घ्यायची गरजच नव्हती. या दुखण्यात नवऱ्याला औषध देत नाहीत.” नवरा ऐकत होता. “बेलाचा मुरांबा परत द्यावा लागेल का?” एवढंच त्यानं विचारलं. अलीकडे तीच भाची म्हणते, की नवऱ्यालाही औषध द्यावं, त्यानं बायकोचं दुखणं उलटत नाही, असं आता डॉक्टर पुन्हा म्हणायला लागलेत. गोळ्यांनी माझे दिवस भरले का, की ते तसेही भरले असते, हेही ती छातीठोकपणे सांगत नाही. काहींना उपयोग होतो, काहींना नाही, म्हणते. इतकी वर्षं झाली, इतकं शिक्षण झालं, आणि तरी आमच्या त्या डॉक्टरीणबाईंच्या पुढे फारसं कुणी गेलेलं दिसत नाही. तुरटी घालायची नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

सातवा महिना सरला. आठवा सरला. पावसकडून पहिल्या आंब्याच्या पेट्या बाजारात यायला लागल्या आणि मी अजून हिंडत फिरत होते, माझ्याच पायांवर माझा विश्वास बसेना. सासूबाई रोज सकाळी माझ्याकडे बघून म्हणायच्या, “लागला हो दही,” आणि देवापुढे साखर ठेवायच्या.

कळा सुरू झाल्या त्या अगदी वेळेवर. नवऱ्यानं मला रिक्षातून दवाखान्यात नेलं, सासूबाई पूजा आटोपून यायच्या होत्या. पण मुलीनं त्यांची वाट पाहिली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला हातात घेऊन चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाल्या, “पूर्ण दिवसांची आहे. काही काळजी नाही.” दारात उभ्या असलेल्या नवऱ्यानं ते ऐकलं. मुलीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि आईला सांगून येतो म्हणून जो सुटला तो रिक्षाबिक्षा काही न बघता धावत.

पुढचं मी पाहिलेलं नाही, सासूबाईंनी सांगितलेलं आहे. पण इतक्या वेळा सांगितलंय की मला पाहिल्यासारखंच वाटतं.

सकाळची वेळ, दोन्ही संडासांपुढे रांग. सासूबाई मागे नळावर देवाची तांब्याची भांडी घासत होत्या. नवरा चाळीच्या फाटकातून आत आला तो घामाघूम, चेहरा पिळवटलेला, तोंडातून शब्द फुटत नाही. आईला शोधत पडवी ओलांडून तो थेट मागे धावला. रांगेतल्यांनी त्याला येताना पाहिलं आणि रांग फाकली. औषधवाला रांगेत पहिलाच होता. त्यानं आतल्या माणसाच्या दारावर थापा मारल्या, “बाहेर या हो, आधी बाहेर या, ह्याला जाऊ द्या.” आतला माणूस बिचारा धोतर सावरत बाहेर आला. काकींनी नळाखालचं आपलं भरलेलं टमरेल उचललं आणि त्याच्या हातात कोंबलं. “जा हो, जा, लाजू नका.”

नवरा हातात टमरेल घेऊन उघड्या दारासमोर उभा. सगळे त्याच्याकडे बघताहेत. त्यानं टमरेलाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग आईकडे बघून म्हणाला, “मुलगी झाली.” आणि जरा थांबून, “पूर्ण दिवसांची.”

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. काकी पुढे झाल्या, टमरेल परत घ्यायला त्यांनी हात लांब केला, तर नवऱ्यानं ते सोडलं नाही. तो वळला, आत गेला आणि त्यानं कडी लावली.

थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. दोन वर्षांपूर्वीच्या मुलीसाठी आणि आताच्या मुलीसाठी तो एकदमच रडत होता. बाहेर सकाळची रांग, एकाला कचेरी, एकाला शाळा, औषधवाल्याला दुकान. काकींनी सगळ्यांकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, आणि तो बाहेर येईपर्यंत रांगेतल्या कुणीही दार वाजवलं नाही.